काठाकडून एक, पाण्याकडून एक

पहिली लाट आली ती माझ्या पायांवर, दुसरी बाबांच्या कागदांवर.

आमच्या बागेच्या टोकाला तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्यांतल्या तिसरीवर मी बसले होते. बाजूला बाबांच्या हस्ताक्षरातली अकरा पानं आणि ती उडू नयेत म्हणून वर बोराएवढा दगड. दगड मीच निवडला होता, म्हणजे चूक माझीच. लाट मागे सरली तेव्हा दगड जागच्या जागी होता आणि पानं तळ्याकडे निघाली होती... एकामागोमाग एक, अगदी शिस्तीत. बाबांचीच पानं ती.

मोटरबोट जेमतेम वीस पावलांवरून वळत होती. मी उठून ओरडले, "अहो, काठापासून किती लांब राहायचं असतं ठाऊक आहे का? नियम चार वाचलाय कधी?"

इंजिन बंद झालं. बोटीतला माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "पाच."

"काय पाच?"

"नियम पाच. चार कुत्र्यांविषयी आहे." मग त्याने मागे हात केला. "आणि ते डॉक्टर पाण्यात आहेत. त्यांना आधी काढतो, मग तुम्ही ओरडा. चालेल?"

तेव्हा मला दिसलं. एक अरुंद नाव पालथी पडली होती आणि तिच्या शेजारी नारिंगी जॅकेट घातलेले एक स्थूल गृहस्थ चष्मा उंच धरून तरंगत होते. ते आमचे दातांचे डॉक्टर होते. लहानपणी त्यांनी माझी दाढ काढली होती.

"माझी घाई नाही," ते लांबून म्हणाले. "आधी कागद काढा. मी तरंगतोय, ते बुडतायत."

त्याने दोघांनाही काढलं. डॉक्टरांना बोटीत घेतलं आणि वल्ह्याच्या पात्यावर एकेक पान अलगद उचललं, झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून चादर काढावी तसं. दहा मिळाली. अकरावं लव्हाळ्याकडे चाललं होतं, ते मी कंबरेइतक्या पाण्यात जाऊन आणलं.

"हे तुमच्या बाबांचं अक्षर," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"ओळखता?"

"त्यांनी माझ्याकडून सगळे नियम तोंडपाठ करून घेतलेत. परीक्षा घेतली होती. दोनदा नापास झालो."

आमच्या घरात दोन महिने कोणी हसलं नव्हतं. मी तेव्हाही हसले नाही, पण हसू कुठे ठेवलं होतं ते आठवलं.

*

त्याची शेड तळ्याच्या पलीकडच्या अंगाला होती. आत वल्ही उभी करून ठेवलेली, भिंतीवर नारिंगी जॅकेटं, लाकडाचा आणि वॉर्निशचा वास. सगळे त्याला वल्हेमास्तर म्हणत. तो मोठ्यांना नाव चालवायला शिकवायचा. उतारवयात नवं काही शिकावंसं वाटणारी माणसं त्याच्याकडे येत. आमचे डॉक्टर त्यांपैकीच एक.

त्याने दोन वल्ही आडवी टाकली आणि त्यांवर पानं वाळत घातली. बाबा बॉलपेनने लिहीत, म्हणून अक्षर टिकलं होतं.

"पाहुण्याला बसायला नीट खुर्ची नाही," तो म्हणाला. "चिटणीसबाईंनी या उलट्या नावेवर बसावं."

"मी चिटणीस नाही. बाबा होते."

"म्हणूनच बाई म्हटलं."

मी बसले. ओल्या कपड्यांवर त्याने एक जाडजूड स्वेटर दिला. त्याच्या कोपराला भोक होतं आणि ते कोणीतरी चुकीच्या रंगाच्या लोकरीने बुजवलं होतं. कोणी, ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, "मीच. वाईट झालंय ना?"

"फार."

"तुम्ही खोटं बोलत नाही वाटतं."

"मी संपादक आहे. शाळेच्या पुस्तकांची. खोटं बोलले तर मुलं नापास होतात."

बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. पत्र्यावर त्याचा आवाज इतका बारीक होता की गप्प बसल्यावरच ऐकू यायचा. मी त्याला कागदांचं सांगितलं. बाबा वीस वर्षं तळं समितीचे चिटणीस होते. शेवटच्या आठवड्यात, अंथरुणावर उशीला टेकून, त्यांनी नियमांचा नवा मसुदा लिहिला. समितीने मला सांगितलं होतं, की तो स्वच्छ उतरवून काढायचा आणि पंधरा दिवसांनी रविवारच्या सभेत वाचून दाखवायचा. त्यासाठी मी सुट्टी वाढवून थांबले होते. सभा झाली की परत शहरात, माझ्या टेबलाकडे.

तो पानं वाचत पुढे सरकत होता. एका पानापाशी थांबला.

"नियम नऊ," मी म्हणाले. मला पाठ होता. *तळ्यावर कोणत्याही कारणासाठी इंजिन चालवले जाणार नाही.*

"अक्षर फार सुंदर होतं त्यांचं," तो म्हणाला, आणि पुढच्या पानाकडे गेला.

*

आमच्या तळ्याचा एक रिवाज आहे. नियमांच्या यादीखाली दोन सह्या लागतात. एक काठाकडून, म्हणजे तळ्याभोवती राहणाऱ्यांची. एक पाण्याकडून, म्हणजे नावा चालवणाऱ्यांची. दोन्ही असल्याशिवाय यादी फळ्यावर लागत नाही. हा रिवाज बाबांनीच पाडला. त्याआधी दोन्ही बाजू एकमेकांचे फळे उपटून तळ्यात फेकत असत. यंदा काठाकडून सही मी करायची होती, बाबांच्या जागी. पाण्याकडून कोण, ते मला दोन दिवसांनी कळलं.

"तो मास्तर," आई म्हणाली. ती खिडकीशी बसून बाबांचे शर्ट घड्या घालत होती. रोज तेच शर्ट, रोज नव्याने. "गेल्या महिन्यात निवडलाय त्याला. तुझ्या बाबांशी रोज भांडायचा, आणि भांडून झालं की दोघं चहा प्यायचे. तुझ्या बाबांचं लग्न तळ्याशी झालं होतं, माझ्याशी नुसती ओळख होती. पण त्या मुलाचं भांडण म्हणजे..." तिने घडी मोडली. "त्यांना आवडायचं."

"नियम नऊमुळे त्याचं काय होईल?"

"शाळा बंद होईल, दुसरं काय? सुरक्षाबोट नसेल तर शिकवायचा परवाना देत नाहीत. आणि सुरक्षाबोट काय फुंकर मारून चालते?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले आणि म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

तो नावेच्या बुडाला पॉलिश पेपर घासत होता. "तुम्ही भिजल्या होतात."

"हे काय उत्तर झालं?"

"माझ्याकडे तेवढंच आहे." त्याने कागद खाली ठेवला. "तुमचे बाबा चुकीचं लिहीत नव्हते. रविवारी बाहेरून मोटरबोटी येतात, तुम्हीही पाहिल्यात. काठावरच्या हेडसरांचं कुंपण पाण्यात गेलं. पाणकोंबडीचं घरटं अंड्यांसकट वाहून गेलं. काठ खचतोय, हे खरंच आहे. पण लाट कशाने उठते? इंजिनाने की वेगाने? हे कोणी मोजलेलं नाही."

"मग मोजू या."

हे मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.

*

आठ दिवस रोज सकाळी आम्ही मोजत होतो.

बाबांची एक मोजकाठी होती, बोटाबोटाच्या खुणा केलेली. मी त्यांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून काठाशी ती धरून उभी राहायची. बूट मला दोन मापांनी मोठे होते. चालताना ते आधी निघत आणि मग मी. तो बोट घेऊन समोरून जायचा. आधी सावकाश, मग थोडा जोरात, मग सुसाट. दर वेळी हात वर करायचा, मी लाट कुठवर चढली ते पाहून ओरडायची, आणि वहीत लिहायची.

"किती?"

"दोन बोटं."

"कोणाची? तुमची की माझी?"

"काठीवर लिहिलेली."

"काठी बघायला मी तिकडे येऊ का?"

"तुमचा वेग बिघडेल."

"तो बिघडलेलाच आहे," असं काहीसं तो म्हणाला. इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं.

चौथ्या दिवशी पाऊस जास्त होता. वही भिजू नये म्हणून तो काठावर आला आणि माझ्यावर छत्री धरून उभा राहिला. मग बोट कोण चालवणार, हे दोघांच्याही लक्षात बऱ्याच वेळाने आलं. छत्री लहान होती. त्याचा डावा खांदा भिजत होता आणि माझा उजवा. मधले दोन कोरडे होते, एकमेकांना न लागता... फार काळजीपूर्वक.

आई घरी म्हणायची, "मोजून झाली का लाट?"

"अजून आहे थोडी."

"बरीच मोठी दिसतेय."

आठव्या दिवशी वही भरली. माणूस चालतो त्या चालीने बोट गेली तर काठावर लाट दोन बोटं, वाऱ्याने उठते तेवढीच. सुसाट गेली तर वीतभर. आणि लव्हाळ्याजवळ मात्र सावकाश गेलेली लाटही घरट्यांपर्यंत पोचत होती. इतकं साधं होतं.

"म्हणजे नियम असा हवा," तो म्हणाला. आम्ही पायरीवर बसलो होतो. "मौजेसाठी इंजिन नको. सुरक्षाबोट माणसाच्या चालीने. कोणी बुडत असेल तरच जोरात. तुम्ही चार ओळींत मांडाल. तुमचं कामच ते."

मी वही मिटली. "मी दुसऱ्यांच्या मजकुरात बदल करते."

"हाही दुसऱ्याचाच आहे."

"हा बाबांचा आहे." माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा कोरडा आला. "त्यांनी शेवटचं जे लिहिलं ते हे. यानंतर त्यांच्या हाताचं काहीही नाही. किराण्याची चिठ्ठीसुद्धा नाही. आणि तुम्ही म्हणता, मी त्यातली ओळ खोडू?"

त्याने मोजकाठी पुसून पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "नाही. मग नका खोडू."

हट्ट केला असता तर मी भांडले असते. त्याने केला नाही.

*

नंतर तीन दिवस तो दिसला नाही. मी मसुदा स्वच्छ उतरवला, एकही शब्द न बदलता, आणि वाचायला म्हणून शेडमध्ये पाठवला. शनिवारी सकाळी दातांचे डॉक्टर तो परत घेऊन आले. पहिल्यांदाच ते हसत नव्हते.

"मास्तरांनी दिलाय," ते म्हणाले. "सोमवारी निघतोय तो. लांबच्या एका तळ्यावर जागा मिळालीय म्हणे. जॅकेटं बांधून झाली." चष्मा पुसत त्यांनी आईकडे पाहिलं. "साठाव्या वर्षी मला एक गोष्ट येऊ लागली होती. असो."

ते गेल्यावर मी शेवटचं पान उलटलं. खाली दोन रेघा होत्या. 'काठाकडून' ही रिकामी होती. 'पाण्याकडून' या रेघेवर त्याची सही होती.

मी ते पान आईपुढे धरलं. तिने लांबून, मग जवळून पाहिलं.

"नको म्हणाला असता तर यादी पडली असती," ती म्हणाली. "हे त्याला माहीत आहे ना?"

"आहे."

"तरी सही केली. वेडा आहे की प्रेमात आहे?"

"आई."

"विचारतेय आपलं. बहुतेकदा दोन्ही एकदम असतं."

मी टेबलाशी बसले. पेन उघडलं. माझ्या नावापुरती जागा होती तिथे. सही केली की काम संपणार होतं, बाबांचा शब्द न् शब्द फळ्यावर लागणार होता, मी माझ्या टेबलाकडे परत जाणार होते. मी पेन रेघेवर टेकवलं आणि पुन्हा उचललं.  

"मला जमत नाहीये," मी म्हणाले.

"काय, सही?"

"दोन्ही. सही करणं, आणि बाबांचं खोडणं."

आईने हातातला शर्ट बाजूला ठेवला. घडी न घालता.

"तुझे बाबा काही देव नव्हते," ती म्हणाली. "संध्याकाळी लिहायचे, सकाळी खोडायचे. वीस वर्षं मी तेच पाहिलं. पाचव्या नियमात पन्नास पावलं करायला त्यांना तीन महिने लागले. आधी शंभर होती, मग तीस. त्या मुलाशी भांडून भांडून पन्नासवर आले. हा नववा त्यांनी संध्याकाळी लिहिला, अंगात ताप असताना, हेडसरांच्या कुंपणाचा राग डोक्यात घेऊन." ती थांबली. "सकाळी खोडायला ते राहिले नाहीत, एवढंच."

मग मी रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि फार वेळ. आई शेजारी बसून राहिली. तिने डोळे पुसायला दिला तो बाबांचाच शर्ट होता.

दुपारी मी नवं पान घेतलं.

*

सभा तळ्याकाठच्या लहान सभागृहात होती. खुर्च्या चाळीस, माणसं साठ. काठावरचे डावीकडे बसतात, पाण्यावरचे उजवीकडे. कोणी ठरवलेलं नाही, तसं होतं. तो उजवीकडे, दाराजवळ उभा होता, बूट बाहेर काढून. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी आठ नियम वाचले. मग म्हणाले, "नववा मी बदललाय."

मी आकडे वाचले. आठ दिवस, चौसष्ट फेऱ्या, दोन बोटं आणि वीतभर. मग नवी ओळ. *मौजेसाठी इंजिन नाही. सुरक्षेसाठी इंजिन, माणसाच्या चालीने. जीव वाचवायचा असेल तर हवं तितक्या वेगाने.*

हेडसर उठले. त्यांनी मला चौथीत शिकवलं होतं, अजूनही उभं राहावंसं वाटतं.

"माझं कुंपण पाण्यात आहे," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांनी मला शब्द दिला होता. तुझ्या वडिलांनी हे लिहिलेलं नाही."

"नाही सर," मी म्हणाले. "हे मी लिहिलंय."

मी वही उघडून टेबलावर पुढे सरकवली. 

"तुमचं कुंपण वेगाने नेलं," मी पुढे म्हटलं. "रविवारच्या बोटींच्या वेगाने. त्या आता येणारच नाहीत. वही इथे आहे. उद्या सकाळी काठी तुम्ही धरा. दोन बोटांच्या वर लाट गेली तर ही ओळ मी स्वतः खोडेन."

ते वही घेऊन बसले. चष्मा लावून पानं उलटू लागले, परीक्षेचा पेपर तपासावा तशी. मधेच म्हणाले, "बेरीज बरोबर आहे." त्यांच्याकडून याहून मोठं काही मिळत नाही, हे आमच्या वर्गाला ठाऊक होतं.

"पाण्याकडून काय म्हणणं?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

तो अनवाणी पुढे आला. कागद घेतला आणि सावकाश वाचला. नवी ओळ दोनदा वाचली. मी मोजत होते.

"यात एक राहिलंय," तो म्हणाला.

"काय?" माझ्या तोंडून जरा मोठ्यानेच गेलं.

"लव्हाळं. पाणकोंबड्या अंडी घालतात ते दोन महिने तिकडे सुरक्षाबोटही नको. शिकवणंही नको, मी या अंगाला शिकवेन." त्याने आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "लिहा, चिटणीसबाई."

मी लिहिलं. माझं अक्षर बाबांसारखं नाही, त्या दिवशी तर मुळीच नव्हतं. खाली मी सही केली, मग पेन त्याच्याकडे दिलं. पेन देता-घेता जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त लागला. उजवीकडून डॉक्टर म्हणाले, "शाई संपली का?" आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजू हसल्या.

*

सभेनंतर त्याने धक्क्यावर एक लहान नाव सोडली.

"बसा. तळ्याचे नियम लिहिलेत, आणि अजून वल्हं हातात धरलेलं नाही. शोभत नाही."

मी बसले. वल्हवणारा पुढे पाठ करून बसतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण प्रत्यक्षात ते फार विचित्र वाटतं. तो माझ्यासमोर बसला होता, नावेच्या मागच्या टोकाला. त्याला पुढचं दिसत होतं. मला फक्त मागे राहणारा काठ दिसत होता. आमचं घर, पायऱ्या, खिडकीतली आई... सगळं हळूहळू लहान होत होतं.

"मी कुठे चाललेय ते मला दिसत नाही."

"मला दिसतंय. उजवं जरा जोरात... हं. आता दोन्ही."

बारीक पाऊस पडत होता, पाण्यावर टाचणीचे ठिपके उमटावेत तसा. दोनदा माझं वल्हं हवेतच फिरलं आणि मी मागे कलंडले. तो हसला नाही. फक्त ओठ मिटून घेतले, फार कष्टाने.

"हसा हवं तर."

"परीक्षा चालू आहे. तुम्ही आत्ता नापास झालात, एकदा." मग तो पाण्याकडे बघत म्हणाला, "शहरात कधी परत?"

"सभेनंतर जाणार होते."

"सभा झाली."

"हो." मी दोन वल्ही मारली. "पुस्तकं कुठूनही तपासता येतात. टेबल लागतं फक्त. आणि तुम्ही? उद्या सोमवार आहे."

"जॅकेटं बांधली होती. ती सोडवायची म्हणजे... दिवस जाईल." त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. "खरं सांगू? ती सही मी नियमावर केली नव्हती. तुम्ही त्या दिवशी किराण्याच्या चिठ्ठीचं बोललात ना... त्यावर केली. तुमच्याकडे त्यांचं काहीतरी राहावं एवढंच वाटलं. मग माझं काय होईल ते मोजायचं सुचलं नाही. मला तुम्ही आवडता. काठी धरून उभ्या होतात तेव्हापासून. त्या मोठ्या बुटांत."

मी वल्ही थांबवली. नाव आपल्या आपण थोडी पुढे गेली आणि मग तीही थांबली.

"बूट मला सोडायचे नाहीत," मी म्हणाले. "बाबांचे आहेत."

"सोडू नका."

"आणि तो स्वेटर मी पुन्हा विणून देणार आहे. ते कोपर मला बघवत नाही." मी श्वास घेतला. "आणि तू मला अहो-जाहो करतोस तेही आता बघवत नाही."

 तो उठून माझ्याकडे यायला निघाला आणि अर्ध्यावर परत बसला. नाव जोरात हेलकावली होती.

"नावेत उभं राहायचं नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काठाला घे."

मी वल्ही पाण्यात घातली. या वेळी दोन्ही एकदम पडली. पलीकडचा काठ माझ्या पाठीमागे होता, किती लांब ते मला दिसत नव्हतं. मी वळून पाहिलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तेवढ्यावरून कळत होतं, जवळ येतोय.